उपग्रहालाही काठी लागते

परभणी जिल्ह्यात बर्फ पडत नाही. गारपीट झाली तरच काय ते बर्फाचे खडे अंगणात दिसतात आणि तेही थोड्याच वेळात विरघळून जातात. असे असताना हिमालयात किंवा सायबेरियात साचलेल्या बर्फाची जाडी उपग्रहावरून कशी मोजतात, आणि ती मोजणी कितपत खरी हे कसे ठरवतात, हा विषय जिंतूर किंवा गंगाखेडच्या विद्यार्थ्यांपुढे कशासाठी मांडावा, असे कोणी विचारील. त्याची कारणे दोन आहेत. पहिले कारण असे की, त्या दूरच्या बर्फाचा आपल्या पावसाशी संबंध जोडण्याचा प्रयत्न १४० वर्षांहून अधिक काळ चालू आहे. दुसरे कारण याहून जवळचे आहे. उपग्रहाने दिलेल्या आकड्यावर किती भरवसा ठेवावा, हा प्रश्न आता परभणीच्या शेतकऱ्याच्या बांधावर येऊन ठेपला आहे.

या बाबतीत माझे मत आरंभीच सांगून टाकतो. जमिनीवरील मोजणीशी ताडून न पाहिलेला उपग्रहाचा आकडा हा अंदाज होय. त्याला मोजमाप म्हणता येणार नाही. म्हणून आकाशात उपग्रह जसजसे वाढतील, तसतशी जमिनीवरील साधी मोजणी कमी न होता वाढली पाहिजे. हे मत का बनले, ते आता क्रमाने पाहू.

बर्फ आणि मोसमी पाऊस

भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख. पुढच्याच वर्षापासून, म्हणजे १८७६ ते १८७८ या काळात, दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. साहजिकच, पाऊस कसा होईल हे आधी सांगता येईल काय, हा प्रश्न खात्यापुढे उभा राहिला. १८८४ साली ब्लॅनफर्ड यांनी एक कल्पना मांडली. हिवाळ्यात आणि वसंतात हिमालयावर बर्फ अधिक पडले तर पुढील मोसमी पाऊस कमी होतो, अशी ती कल्पना होती. तिच्यामागील तर्क सोपा आहे. पांढरे बर्फ सूर्यप्रकाश परत फेकते. जी उष्णता उरते तीही बर्फ वितळविण्यात आणि ओली जमीन वाळविण्यात खर्च होते. त्यामुळे जमीन उशिरा तापते आणि समुद्रावरचे बाष्पयुक्त वारे आत खेचणारा कमी दाबाचा पट्टा दुबळा राहतो. या विचाराच्या आधारावर ४ जून १८८६ रोजी खात्याचा पहिला नियमित दीर्घकालीन अंदाज प्रसिद्ध झाला.

पुढे उपग्रह आले. १९७६ मध्ये हान आणि शुक्ला या शास्त्रज्ञांनी उपग्रहांवरून दिसलेले युरोप-आशियातील हिमाच्छादन आणि भारतातील पाऊस यांची तुलना केली व ब्लॅनफर्ड यांच्यासारखाच उलटा संबंध दिसत असल्याचे मांडले. १९८८ साली वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे १६ घटकांचे प्रतिमान अंदाजासाठी वापरात आले, तेव्हा त्या १६ घटकांत हिमालयावरील आणि युरोप-आशियातील हिमाच्छादनाला स्थान होते. २००२ साली मात्र अंदाज सरासरीइतक्या पावसाचा असताना देशाचा पाऊस सरासरीहून सुमारे १९ टक्के कमी पडला. त्यानंतर, २००३ साली, ते प्रतिमान बदलण्यात आले.

या अपयशाचा सर्व दोष बर्फाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मोसमी पावसावर प्रशांत महासागराच्या तापमानापासून अनेक गोष्टींचा परिणाम होतो. परंतु येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. हिमाच्छादन म्हणजे बर्फाने व्यापलेले क्षेत्र. त्यावरून बर्फाची जाडी समजत नाही. बोटभर जाडीचा थर आणि पुरुषभर उंचीचा थर वरून सारखेच पांढरे दिसतात. विहिरीच्या काठावरून पाणी दिसते, पण किती परस पाणी आहे ते दोर सोडल्यावाचून कळत नाही. तशातलाच हा प्रकार. बर्फात पाणी किती आहे आणि ते वितळण्यास किती उष्णता व किती दिवस लागतील, हे जाडीवर आणि बर्फाच्या घनतेवर अवलंबून असते.

जाडी मोजण्याची युक्ती

मग वरून जाडी मोजायची कशी? प्रत्येक पदार्थ आपल्या तापमानानुसार प्रारण बाहेर टाकतो आणि त्यात अल्प प्रमाणात सूक्ष्मतरंगही असतात. बर्फाखालची जमीनही ते टाकते. हे तरंग कोरड्या बर्फातून वर येताना बर्फाच्या कणांवर आदळून इकडेतिकडे विखुरतात. तरंगलांबी जितकी लहान, तितके विखुरणे अधिक. थर जितका जाड, तितके कण अधिक आणि म्हणून विखुरणेही अधिक.

ऑक्टोबर १९७८ मध्ये सोडलेल्या निंबस-७ या अमेरिकी उपग्रहावर असे प्रारण मोजणारे उपकरण होते. ते इतर वारंवारतांबरोबर १८ आणि ३७ गिगाहर्ट्‌झ या दोन वारंवारता टिपत असे. पहिलीची तरंगलांबी सुमारे १.७ सें.मी. व दुसरीची सुमारे ८ मि.मी. आहे. दोन्ही वारंवारतांवर जमिनीचे जे तापमान भासते त्यांतील फरक घ्यावा आणि त्याला १.५९ ने गुणावे, म्हणजे बर्फाची जाडी सेंटिमीटरमध्ये मिळते, असे सूत्र १९८७ मध्ये चँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. समजा, १८ गिगाहर्ट्‌झवर २४५ अंश केल्व्हिन आणि ३७ गिगाहर्ट्‌झवर २२५ अंश केल्व्हिन तापमान मिळाले. फरक २० अंश. म्हणून जाडी सुमारे ३२ सें.मी.

पाहा, उपग्रहाने ३२ सें.मी. कोठेच मोजले नाही. त्याने दोन तापमाने मोजली. ३२ हा आकडा सूत्रातून आला, आणि सूत्रात काही गृहीतके दडलेली आहेत. बर्फाचे कण ठरावीक आकाराचे आहेत, थराची घनता ठरावीक आहे आणि बर्फ कोरडे आहे, असे तेथे धरलेले असते. प्रत्यक्षात थंडी लांबली की बर्फाचे कण मोठे होतात. मग थर तेवढाच असूनही विखुरणे वाढते आणि जाडी फुगून दिसते. ऊन पडून बर्फात थोडे पाणी झाले की विखुरण्याची खूण जवळजवळ पुसली जाते आणि भरपूर बर्फ असतानाही उपग्रहाला ते दिसेनासे होते. थर मीटरभराच्या आसपास वा त्याहून जाड झाला की फरक वाढणे थांबते. दाट अरण्य असेल तर झाडांचे स्वतःचे प्रारण मिसळते.

याशिवाय चौकटीचा प्रश्न आहे. अशी माहिती साधारण २५ कि.मी. बाजूच्या चौकटींत मांडली जाते. एका चौकटीचे क्षेत्रफळ ६२५ चौरस कि.मी. परभणी जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ६,२५० चौरस कि.मी. आहे. म्हणजे आपला सबंध जिल्हा अवघ्या दहा आकड्यांत संपेल! सपाट सायबेरियात हे एक वेळ चालेल. परंतु हिमालयात त्याच एका चौकटीत खोल दरीही येते आणि बर्फाच्छादित शिखरही. त्या दोहोंच्या सरासरीला काय अर्थ द्यावयाचा?

पडताळा कसा घ्यावा

येथे काठी उपयोगी पडते. सेंटिमीटरच्या खुणा केलेली काठी बर्फात उभी करून रोज ठरावीक वेळी आकडा वाचणे, ही बर्फ मोजण्याची सर्वांत जुनी रीत. उपग्रहाचा आकडा आणि काठीचा आकडा शेजारी मांडून वजाबाकी केली की पडताळा झाला, असे वाटेल. पण त्यातही विचार करावा लागतो.

समजा, पाच ठिकाणी काठीने १०, २०, ३०, ४० आणि ५० सें.मी. बर्फ दाखविले. त्याच ठिकाणी उपग्रहाने अनुक्रमे ३०, १०, ४०, २० आणि ५० सें.मी. दाखविले. फरक झाले अधिक २०, उणे १०, अधिक १०, उणे २० आणि शून्य. त्यांची बेरीज शून्य, म्हणून सरासरी फरकही शून्य! आता कोणी म्हणेल की उपग्रह अगदी अचूक आहे. पण चिन्हे सोडून बेरीज केली तर ती ६० येते आणि दर ठिकाणी सरासरी १२ सें.मी. चूक निघते. म्हणून "सरासरीत चूक नाही" असे वाक्य वाचले की दुसरा प्रश्न विचारावा: एकेका ठिकाणची चूक किती?

तिसरा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. ज्या काठ्यांच्या आकड्यांवरून सूत्र बसविले, त्याच काठ्यांनी पडताळा घेतला काय? तसे केले असेल तर ती परीक्षा खरी नव्हे. वर्गात सोडवून दाखविलेलीच उदाहरणे प्रश्नपत्रिकेत घातली तर विद्यार्थ्याला गणित येते की नाही, हे गुरुजींना कळणार नाही.

काठीलाही सर्वस्वी निर्दोष मानू नये. वाऱ्याने बर्फ एका बाजूला लोटले जाते. माणसे काठ्या रोवतात त्या जाता येईल अशा जागी, म्हणजे दरीतल्या गावाजवळ किंवा रस्त्यालगत. शिखरावर कोण जाणार? शिवाय काठी एका बिंदूचे सांगते आणि उपग्रह ६२५ चौरस कि.मी.चे. या दोहोंची तुलना करण्यासाठी एका चौकटीत एक काठी पुरत नाही, अनेक लागतात.

पुण्यातील एक उदाहरण

हा सगळा विचार आपल्याच महाराष्ट्रात प्रत्यक्ष कामी आलेला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील आर. एच. कृपलानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबस-७ वरून मिळालेल्या बर्फाच्या आकड्यांचा आपल्या मोसमी पावसाशी काय संबंध दिसतो, याचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. पण निंबस-७ वरील ते उपकरण चालले १९७८ ते १९८७ एवढाच काळ. नऊ हिवाळ्यांवरून निसर्गाचा नियम ठरवणे धोक्याचे.

मग १९९९ मध्ये कृपलानी आणि अश्विनी कुलकर्णी यांनी जुन्या सोव्हिएट संघातील २८४ केंद्रांवरच्या रोजच्या बर्फाच्या जाडीच्या नोंदी तपासल्या. या नोंदींचा आरंभ १८८१ सालचा आहे आणि त्या १९८५ पर्यंतच्या आहेत. त्यांवरून असे दिसले की, मॉस्कोच्या आसपासच्या पश्चिम भागात हिवाळ्यात बर्फ जाड असेल तर पुढील पावसाळा भारतात कमी पावसाचा होण्याकडे कल असतो. उलट मध्य सायबेरियात बर्फ जाड असेल तर कल अधिक पावसाकडे असतो. म्हणजे केवळ "बर्फ अधिक, पाऊस कमी" एवढ्याने भागत नाही. बर्फ कोठे व किती जाड, हे पाहावे लागते.

त्या २८४ केंद्रांवर हाडे गोठविणाऱ्या थंडीत रोज बाहेर पडून आकडा टिपणाऱ्या माणसांचा विचार करा. त्यांतल्या बहुतेकांनी परभणी हे नावही ऐकले नसेल. आपली वही शंभर वर्षांनी पुण्यात कोणी उघडील, असे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल. तरी त्यांनी नोंद केली आणि म्हणून आज ती उपयोगी पडते. उपग्रह कितीही उत्तम असला तरी तो १८८१ सालचे बर्फ मोजू शकत नाही.

परभणीच्या आकाशातील बर्फ

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. परभणीत जमिनीवर बर्फ नसले तरी आकाशात ते असते. पावसाळ्यात सुमारे ५ कि.मी. उंचीच्या वर तापमान शून्याखाली जाते आणि गडगडाटी मेघांचे माथे त्याच्याही पुष्कळ वर पोहोचतात. तेथे बर्फाचे कण असतात. उपग्रहावरील सूक्ष्मतरंग उपकरणे जमिनीवरचा पाऊस ठरवितात तो मुख्यतः या कणांवरून. कारण जमिनीचे स्वतःचे प्रारण इतके प्रबळ व बदलते असते की त्यापुढे पावसाच्या थेंबांची खूण लपून जाते. सायबेरियातील बर्फाची जाडी सांगणारी विखुरण्याची युक्तीच येथे अधिक उच्च वारंवारतेवर वापरली जाते. जपान व अमेरिका यांचा १९९७ ते २०१५ या काळात काम करणारा उपग्रह, २०११ ते २०२३ या काळातील भारत व फ्रान्स यांचा मेघा-ट्रॉपिक्स, आणि २०१४ मध्ये सोडलेला जागतिक पर्जन्यमापनाचा मुख्य उपग्रह, या सर्वांवर अशी उपकरणे बसविलेली आहेत. यांपैकी पहिल्या व शेवटच्या उपग्रहावर त्यांच्या जोडीला रडारही आहे.

म्हणजे येथेही उपग्रह मोजतो एक आणि सांगतो दुसरे. ज्या मेघात बर्फ फारसे नाही त्याचा पाऊस त्याच्या हातून निसटतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील पाऊस म्हणूनच अनेकदा कमी भरतो. उलट उंचावरून निघालेली सर खालच्या कोरड्या हवेत सुकून गेली तर न पडलेला पाऊस मांडला जातो.

हे केवळ शास्त्रज्ञांनी वाद घालण्याचे प्रकरण राहिलेले नाही. महाराष्ट्रात एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मि.मी.हून अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टी धरतात आणि नुकसानीचे पंचनामे व मदत यांच्याशी त्या आकड्याचा संबंध येतो. ६३ आणि ६७ यांत अंतर चारच मिलिमीटरचे. परंतु सोयाबीन पाण्याखाली गेलेल्या घरात त्याचा अर्थ फार वेगळा होतो. म्हणूनच हा आकडा कोणत्या उपकरणाने दिला आणि त्याची चूक किती असू शकते, हे विचारण्याचा शेतकऱ्याला पूर्ण हक्क आहे.

काही जण म्हणतात की आता उपग्रह सगळे पाहतो, तेव्हा पर्जन्यमापकांची यातायात कशाला? याला थोडा हिशेब हेच उत्तर आहे. जागतिक पर्जन्यमापनाच्या आकडेवारीत एका चौकटीची बाजू सुमारे १० ते ११ कि.मी. असते. ती १० कि.मी. धरली तर क्षेत्रफळ १०० चौरस कि.मी. आपल्याकडील प्रमाणित पर्जन्यमापकाचे तोंड २०० चौरस सें.मी.चे असते. ती चौकट पूर्ण झाकण्यास ५०० कोटी पर्जन्यमापक लागतील. तेवढे कोणी लावणार नाही, म्हणून उपग्रह हवाच. उलट, सबंध जिल्ह्यात असे ५० मापक असले तर त्या सर्वांची तोंडे मिळून होते अवघे एक चौरस मीटर! २०१७ मधील एका अभ्यासाने असे दाखविले की, ज्यांची आकडेवारी उपलब्ध होते असे जगातील सगळे पर्जन्यमापक एकत्र केले तरी अर्धे फुटबॉलचे मैदानही भरणार नाही. पृथ्वीवरील पावसाचा पडताळा एवढ्या थोड्या जागेवर उभा आहे. त्यातून एकेक मापक गळत गेला तर उपग्रहाची चूक वाढेल असे नव्हे. चूक झाली हे आपल्याला कळणारच नाही.

"उपग्रहाचे सारे खोटे" असे म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. मापकातही पाने अडकतात, झाडाची आड येते, स्वयंचलित यंत्रे बिघडतात आणि एखादा नोंद करणारा चार दिवसांचे आकडे एका बैठकीत भरून टाकतो. अशा वेळी शेजारच्या चौकटी पाहून उपग्रहच ती चूक पकडून देऊ शकतो. दोघांनी एकमेकांवर नजर ठेवावी, हे उत्तम.

शाळांनी काय करावे

महावेध प्रकल्पात २०१७ पासून महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. परभणीत १९७२ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाची वेधशाळाही आहे. तरीही एका मंडळात अनेक गावे येतात आणि बांधाच्या अलीकडे चिखल व पलीकडे धूळ, हा अनुभव मराठवाड्यात नवा नाही. म्हणून माझी शिक्षकांना सूचना आहे की, जिल्ह्यातील प्रत्येक माध्यमिक शाळेने एक पर्जन्यमापक ठेवावा.

खर्च फारसा नाही. मापक उघड्या जागी, इमारत किंवा झाड यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर, घट्ट बसवावा. रोज सकाळी साडेआठला पाणी मोजावे. तोंड २०० चौरस सें.मी.चे असेल तर २० घन सें.मी. पाणी म्हणजे १ मि.मी. पाऊस. पाऊस पडला नाही त्या दिवशी शून्य लिहावे. मोजणी झालीच नाही त्या दिवशी रकाना कोरा सोडावा व कारण लिहावे. शून्य आणि कोरा रकाना यांतील भेद ज्याला समजला, त्याला विज्ञानाचा मोठा भाग समजला. सुटीच्या दिवसांसाठी शाळेजवळ राहणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून घ्याव्यात.

पावसाळा संपला की आपले आकडे, मंडळाच्या केंद्राचे आकडे आणि उपग्रहाचे आकडे तीन स्तंभांत मांडावेत. तिन्हींचा दिवस एकाच वेळी सुरू होतो ना, हे आधी पाहून घ्यावे. उपग्रहाच्या अंतिम आवृत्तीत महिन्याच्या पातळीवर पर्जन्यमापकांच्या साहाय्याने दुरुस्ती केलेली असते, हेही ध्यानात असावे. तुमच्या शाळेचा मापक त्या दुरुस्तीत नसतो. म्हणूनच त्याचा पडताळा स्वतंत्र ठरतो. मग सरासरी फरक काढावा, चिन्ह सोडूनही फरक काढावा आणि सर्वांत मोठी चूक कोणत्या दिवशी झाली व त्या दिवशी आकाश कसे होते, ते वहीत पाहावे. आकडे न जुळले तर खाडाखोड करून जुळवू नयेत. न जुळणारा खरा आकडा हा जुळवून आणलेल्या शंभर आकड्यांहून मोलाचा असतो.

एका वर्षाच्या नोंदीने काही मोठे सिद्ध होणार नाही. दहावीची मुले शाळा सोडून जातील, तेव्हा वही नववीच्या हाती द्यावी लागेल. मॉस्को आणि सायबेरियाकडच्या त्या नोंदी अशाच एका हातातून दुसऱ्या हातात जात शंभर वर्षे चालल्या. आपल्या जिल्ह्यातील दहा शाळांनी जरी हे व्रत वीस वर्षे सांभाळले, तरी पुढे परभणीच्या पावसाबद्दल उपग्रह काय सांगतो याची शहानिशा करू इच्छिणाऱ्याला रिकाम्या हाताने परतावे लागणार नाही.